तिथीची पाऊणपट

टेपचं एक टोक बारकूबायच्या उंबऱ्यावर, विटेखाली,
दुसरं माझ्या हातात.
फॉर्मवर रकाना आहे :
दारापासून पाण्यापर्यंत, फुटांत.
मी चिखलापर्यंत गेलो, बूट काढले, पुढं गेलो,
पायांपुढून निवट्या टुणटुणत पळाल्या
आणि तिवराच्या मुळांतून ओरडलो, एकशे चौदा!

ती मांदेली निवडत होती.
वर न बघता म्हणाली, "कंच्या पान्याला?"

मी सांगोल्याचा.
आमच्याकडं पाणी टँकरनं येतं
आणि आलं की आलेलं असतं.
मला प्रश्नच कळला नाही.

"आज आठम. भांगाचं पानी, त्यात भर दुपार.
आवसेला ये याच वक्ताला,
मंग मोज.
उंबऱ्यावर बसून मोजशील."
मग बोटांच्या पेरांवर शिकवलं :
तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती.
आठमीला सहा, बारशीला नऊ.
खाडीत इतकं आत, थोरं उशिरा.
मी मोबाइलवर गुणाकार केला. बरोबर आला.

मीठबंदर म्हणतात या रस्त्याला.
मीठ नाही, बंदर नाही, रिक्षा स्टँड आहे.
तिचा सासरा जोमा नाखवा
मचव्यात मीठ भरून कल्याणला न्यायचा, येताना कौलं.
एकदा अवकाळीनं वाटेत गाठलं.
मचवा हलका होत गेला, तासातासाला,
वल्ही मारणाऱ्यांना वाटलं, वारा मिळाला.
धक्क्याला लागले तेव्हा गोण्या होत्या, मीठ नव्हतं.
"तवापासून सासरा चहात साखर ढवलताना
दुसरीकरं बघायचा,"
ती म्हणाली, आणि एक मांदेली मांजराला टाकली.

भिंतीला चारदा डिस्टेंपर दिलाय, चारही वेळा लोणा फुटला.
मी बोट फिरवलं. पांढरं आलं.
"चाट," ती म्हणाली.
सरकारी कामावर असताना
मी एका घराची भिंत चाटली.
याचा रकाना नाही.

पुढचं तिनं भरभर सांगितलं, खवलं उडवावीत तसं.
पलीकडच्या काठाला कंपन्या आल्या.
एका वर्षी बोयटाला रॉकेलचा वास यायला लागला.
भुकेला वास कळत नाही, पण गिऱ्हाइकाला कळतो.
डोल माळ्यावर गेली. तिच्यात आता गाद्या बांधून ठेवतात.
पोरगा त्याच कंपनीत लागला, तिथंच रिटायर झाला,
त्याच्या शर्टाला तोच वास.
"मासं गेलं न् बाप्या आला,
वास घरातच र्‍हायला."
नातू प्रणित रविवारी कॅमेरेवाल्यांना फ्लेमिंगो दाखवतो.
माणशी चारशे, पाण्याची बाटली धरून.
होडीवर आजोबांचं नाव रंगवलंय : जोमा,
'मा'चा काना जरा वाकडा.

बाहेर गल्ली इतकी अरुंद
की समोरच्या घरातला कुकर
कुठल्या घरात शिजतोय कळत नाही.
मी ती रुंदीही मोजली. ती पाण्यागणिक बदलत नाही,
मयताला मात्र बदलते, शेजारचा म्हणाला,
दारं काढून ठेवावी लागतात.

ऑफिसात मी पेनानं लिहिलं ११४,
बाजूला पेन्सिलीनं, अष्टमी.
साहेबांनी आधी माझ्याकडं पाहिलं,
मग रबरकडं.

अमावस्येला हाफ डे टाकून गेलो. फॉर्म नव्हता, टेप होता.
दाराला कडी, ती बाजारात.
साडेबाराला पाणी तिसऱ्या पायरीवर आलं,
थर्माकोलची एक ताटली आणि झेंडूची माळ घेऊन.
दुसरीवर आलं. पहिलीवर येतं की काय म्हणून
मी उंबऱ्यावर पाय वर घेतले.
तिथं थांबलं, कोणी नाव विचारल्यासारखं,
आणि मागं सरायला लागलं.

आईला फोन लावला.
म्हटलं, आई, इथलं पाणी घरापर्यंत येतं
आणि परत जातं.
तिकडं हंड्यांचा आवाज चालला होता, मंगळवार, टँकरचा दिवस.
म्हणाली, जायच्या आधी भरून ठेव की मग.